आकाशातला रस्ता रुंद होत नाही, मग?

दोस्तांनो, पुणे-नाशिक रस्त्यावरची कुरुळी तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला, की पिंपरी-चिंचवड मागे पडतं आणि खेड तालुका लागतो. चिंबळी, कुरुळी आणि पुढे चाकण. कारखान्यांची पाळी सुटायच्या वेळेला इथे उभं राहून बघा. कंपन्यांच्या बसगाड्या, नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर, चाकणच्या बाजारात निघालेले कांद्याचे टेम्पो, मधूनच घुसणाऱ्या मोटरसायकली! हॉर्नचा नुसता कल्लोळ. रस्ता तेवढाच आणि गाड्या मात्र वाढतच चाललेल्या.

अशा वेळी करायचं काय? एक उपाय सगळ्यांनाच सुचतो. रस्ता रुंद करा! पण दुसराही एक उपाय आहे. समजा, एका टेम्पोत प्लास्टिकच्या बादल्या न्यायच्या आहेत. एकेक बादली शेजारी शेजारी ठेवली तर पन्नास बादल्यांतच टेम्पो भरेल. पण त्याच बादल्या एकात एक घातल्या तर? पाचशेसुद्धा सहज मावतील. रस्ता तोच, टेम्पो तोच. फक्त माल भरण्यात अक्कल वापरली.

आता गंमत ऐका. तुमच्या घरातला टीव्ही नेमक्या ह्याच दुसऱ्या उपायावर चालतो. कारण टीव्हीची चित्रं ज्या रस्त्यानं येतात, तो आकाशातला रस्ता रुंद करताच येत नाही!

आकाशात कसली आली गर्दी?

टीव्हीचं चित्र रेडिओलहरींवर स्वार होऊन येतं. प्रत्येक वाहिनीला ह्या लहरींचा एक ठरावीक पट्टा लागतो. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत एका वाहिनीला ७ ते ८ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा लागायचा. शेजारच्या वाहिनीनं त्या पट्ट्यात पाऊल टाकलं की दोन्ही चित्रं बिघडलीच म्हणून समजा.

मग आणखी पट्टे घ्यावेत की, असं तुम्ही म्हणाल. पण आकाशात टीव्ही एकटाच थोडा आहे! मोबाइल फोन, विमानं, पोलिसांचे वायरलेस, सैन्यदल, हवामानखातं, सगळ्यांना आपापला पट्टा हवा असतो. एवढंच काय, कुरुळीहून ह्याच रस्त्यानं पुढे नारायणगावला गेलात, तर जवळच खोडद इथे ‘जीएमआरटी’ ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या! त्यांना काही बोलायचं नसतं, फक्त ऐकायचं असतं. दूरच्या दीर्घिकांकडून येणारी अगदी क्षीण कुजबुज. आपण सगळेच पट्टे गोंगाटानं भरून टाकले, तर ती ऐकू येणार कशी?

नारायणगावच्याच परिसरात आर्वी नावाचं गाव आहे. १९७१ साली तिथे भारताचं उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. डॉ. विक्रम साराभाई ह्यांच्या नावानं ते ‘विक्रम’ म्हणून ओळखलं जातं. परदेशी जाणारे फोन आणि परदेशातून येणारी टीव्हीची चित्रं उपग्रहामार्फत तिथल्या भल्यामोठ्या तबकडीवर उतरत. म्हणजे उपग्रहाची आणि आपल्या ह्या रस्त्याची ओळख तशी जुनीच म्हणायची!

आला का? आला, आला... गेला!

हा संवाद कशाबद्दलचा, हे तुमच्या आईबाबांना किंवा आजीआजोबांना विचारा. ते हसतीलच. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पाठोपाठ सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुणेकरांच्या घरीही चित्र दिसू लागलं. घराच्या छपरावर ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना असायची. वारा सुटला, कावळा बसला, की ती फिरायची. मग एक जण छपरावर, दुसरा खिडकीत आणि तिसरा टीव्हीपुढे. “आला का?” “आला, आला... गेला!”

चित्र कमकुवत झालं की पडद्यावर मुंग्या दिसायच्या. पण मुंग्यांच्या आडून का होईना, चित्र दिसत राहायचं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९७५-७६ मध्ये भारतानं ‘साइट’ नावाचा एक धाडसी प्रयोग केला. अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या एटीएस-६ ह्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोचवला. शेती, आरोग्य, मुलांसाठी शाळेचे कार्यक्रम! प्रयोग गाजला. पण एका वेळी दिसायचं ते एकच चित्र. पुढे १९८३ साली आपला इन्सॅट-१बी आकाशात गेला. त्यावर १२ साधे आणि २ जोरदार ट्रान्सपाँडर होते. ट्रान्सपाँडर म्हणजे उपग्रहावरची एकेक लेन समजा. खालून आलेला संदेश घ्यायचा आणि जोर देऊन परत खाली पाठवायचा, हे त्याचं काम. त्या जुन्या पद्धतीत टीव्हीची एक वाहिनी म्हणजे साधारण एक आख्खी लेन खर्ची पडायची! देशभरातले टेलिफोनही त्याच उपग्रहावर. म्हणजे कुरुळीच्या फाट्याहून काही वेगळं नव्हतं.

वही-पेन्सिल घ्या, हिशोब करू

पुढे आकडे वापरणारी, म्हणजे डिजिटल पद्धत आली. चित्राचे ठिपके करायचे आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत लिहायचा. आता हिशोब करा बघू.

साध्या टीव्हीच्या एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. गुणाकार केलात? ४,१४,७२० ठिपके. लाल, हिरवा आणि निळा ह्या तीन रंगांसाठी प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ठिपक्यामागे २४ बिट. बिट म्हणजे नुसता ० किंवा १. टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं दाखवतात, म्हणून आलेल्या उत्तराला २५ नं गुणा.

उत्तर : सेकंदाला २४,८८,३२,००० बिट. जवळजवळ पंचवीस कोटी!

आणि उपग्रहाच्या ३६ मेगाहर्ट्झच्या एका लेनमधून नेहमीच्या पद्धतीनं किती बिट जातात? सेकंदाला सुमारे ३ कोटी ८० लाख. म्हणजे आधी एका लेनमधून निदान एक वाहिनी तरी जात होती, आता तर तिचा सहावा भागही मावेना! ही कसली सुधारणा? म्हणूनच बादल्या एकात एक घालण्याची वेळ आली. ह्या युक्तीला ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात, आपण चित्राची घडी घालणं म्हणू. ती कशी घालतात, ते पाहू.

पहिली युक्ती : डोळ्याची खोड

आपल्या डोळ्याला उजेड आणि अंधार ह्यांतला फरक फार बारकाईनं कळतो. रंगाच्या बाबतीत मात्र तो जरा ढिला असतो. मग उजेड प्रत्येक ठिपक्याचा लिहायचा आणि रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच. चार ठिपक्यांचे ९६ बिट व्हायचे, ते आता ४८ झाले. माल निम्मा झाला आणि डोळ्याला पत्ताही लागला नाही!

दुसरी युक्ती : हजेरी

वर्गात साठ मुलं आहेत. बाई रोज साठ नावं घेतात. पण वर्गाच्या मॉनिटरनं नुसतं सांगितलं, “आज ७ आणि २३ नंबर गैरहजर,” तर? काम झालं की! बाकीचे कालच्यासारखेच.

बातम्या देणारी निवेदिका आठवा. तिच्यामागची भिंत, टेबल, साडी, काही हलत नाही. हलतात ते ओठ, पापण्या आणि थोडीशी मान. मग सेकंदाला पंचवीस वेळा ती भिंत कशाला पाठवायची? पहिलं चित्र पूर्ण पाठवायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं, तेवढंच सांगायचं. एखादी मोटार डावीकडून उजवीकडे गेली, तर ती परत रंगवत बसायचं नाही. “मघाचीच मोटार, दहा ठिपके उजवीकडे सरकवा,” एवढी सूचना पुरे.

पण मध्येच कुणी टीव्ही लावला तर त्याला पहिलं चित्र कुठून मिळणार? म्हणून दर अर्ध्या-एक सेकंदाला एक पूर्ण चित्र पाठवतात. सेट टॉप बॉक्सवर वाहिनी बदलली की क्षणभर पडदा काळा राहतो, ते पाहिलंय ना? त्यातला काही वेळ तुमचा बॉक्स पुढच्या पूर्ण चित्राची वाट पाहत थांबलेला असतो!

आता सांगा, ह्या युक्तीला सगळ्यांत जास्त छळणारं दृश्य कोणतं? आपल्या खेड-चाकण भागातली बैलगाडा शर्यत! घाटात बैल सुसाट सुटलेत, धूळ उडतेय, भंडारा उधळला जातोय, गर्दी नाचतेय. प्रत्येक चित्रात प्रत्येक ठिपका बदललेला. वर्गातली साठच्या साठ मुलं रोज जागा बदलायला लागली, तर मॉनिटर काय करणार? म्हणून एकाच लेनमधल्या वाहिन्या आपसात उसनवारी करतात. ज्या वाहिनीवर निवेदिका शांत बसलीय, तिचे उरलेले बिट शर्यत किंवा क्रिकेट दाखवणाऱ्या वाहिनीला मिळतात. हे काम यंत्र आपोआप करतं.

तिसरी युक्ती : चौसष्ट मसाले

ही सगळ्यांत भारी युक्ती, आणि तिच्यामागे बंगळुरूत जन्मलेला एक माणूस आहे. त्यांचं नाव नासिर अहमद.

चित्राचे आठ ठिपके लांब, आठ ठिपके रुंद असे छोटे चौकोन करायचे. एका चौकोनात ६४ ठिपके. आता हे ६४ आकडे जसेच्या तसे पाठवायचे नाहीत. आधी ठरवलेल्या ६४ नक्ष्या असतात. एक अगदी सपाट, काही जाड पट्ट्यांच्या, काही बारीक चौकड्यांच्या. कुठलाही चौकोन ह्या नक्ष्या कमीजास्त प्रमाणात मिसळून तयार होतो. जसं आपल्याकडे मसाल्याच्या डब्यातून सगळी कालवणं होतात, तसंच! मग कालवण पाठवायची गरज नाही, कृती पाठवली की झालं : ह्याचा एक चमचा, त्याचा अर्धा.

आता खरी खुबी. आकाश, भिंत, गाल, साडीचा पदर, अशा बहुतेक चौकोनांत चारदोन नक्ष्याच भरपूर लागतात. बाकीच्या नावाला चिमूटभर. ती चिमूट टाकली नाही, तरी चवीत फरक कळत नाही. म्हणून ६४ आकड्यांऐवजी पाचदहा आकड्यांत काम भागतं.

नासिर अहमद ह्यांनी बंगळुरूला इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९७२ साली त्यांनी ह्या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’कडे पैसे मागितले. अर्ज नामंजूर झाला! कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता. अहमद थांबले नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्या कामाचा पगार मिळत नसतानाही, ते हिशोब करत बसले. टी. नटराजन आणि के. आर. राव ह्यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. अवघ्या काही पानांचा!

ह्या गणिताला ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ असं भारदस्त नाव आहे. पण तुम्ही ते रोज वापरता. मोबाइलवरच्या ‘जेपीजी’ फोटोत ते आहे, आईबाबांच्या वेळच्या व्हीसीडीत होतं आणि टीव्हीतही आहे. दहावीत त्रिकोणमिती शिकताना “ह्या कोसाइनचा उपयोग काय?” असं कुणी विचारलं, तर टीव्हीकडे बोट दाखवा!

चौथी युक्ती : लाडक्याला छोटं नाव

घरात ज्याला सारखी हाक मारावी लागते, त्याचं नाव ‘बाळ्या’ नाहीतर ‘पिंट्या’ होतं. वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला पूर्ण नावानं बोलावलं तरी चालतं. तसंच जो आकडा सारखा येतो, त्याला छोटी खूण द्यायची आणि क्वचित येणाऱ्याला लांब. तारायंत्राच्या मोर्स लिपीत इंग्रजी ‘ई’ ला नुसता एक टिंब होता, तो ह्याच कारणानं. अशा खुणा ठरवण्याची उत्तम रीत डेव्हिड हफमन ह्या विद्यार्थ्यानं शोधून काढली आणि १९५२ साली ती प्रसिद्ध झाली.

चारही युक्त्या एकत्र केल्या की पंचवीस कोटींचे किती होतात? साधारण चाळीस लाख! आता ३ कोटी ८० लाखांच्या त्याच लेनमध्ये एकाऐवजी नऊ वाहिन्या आरामात बसल्या. ह्यासाठीचे नियम जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ठरवले. १९८८ मध्ये त्यांचा ‘एमपेग’ नावाचा गट स्थापन झाला आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यांचे ‘एमपेग-२’ हे नियम तयार झाले. २००३ साली आलेल्या पुढच्या पद्धतीनं तेच चित्र निम्म्या जागेत बसवलं.

घडी मोडली की काय होतं?

घडी घालण्याचे तोटेही आहेत बरं का. पावसाची जोरदार सर आली की डिशचा टीव्ही अडखळतो. कारण लहरींचा जोर पावसाच्या थेंबांत कमी होतो आणि आकडे गहाळ होतात. पूर्वी मुंग्या आल्या तरी चित्र दिसायचं. आता चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि मग ते गोठतं. ते चौकोन म्हणजे मघाचे मसाल्याचे चौकोनच! कृतीतली एक ओळ गळाली, की कालवण फसलं.

दुसरा तोटा वेळेचा. उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला चित्राला सुमारे पाव सेकंद लागतो. शिवाय घडी घालायला आणि उलगडायला वेळ जातो, तो वेगळा. म्हणून शेजारच्यांनी “आउट!” म्हणून आरडाओरडा केला, तरी तुमच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो.

आणि तिसरा, महत्त्वाचा. टाकून दिलेली चिमूट परत मिळत नाही. जास्त वाहिन्या कोंबायच्या हव्यासानं कुणी फारच करकचून घडी घातली, तर क्रिकेटचा चेंडू पुसट होतो, हिरवळीचा नुसता हिरवा लगदा दिसतो. किती टाकायचं आणि किती ठेवायचं, हे शेवटी माणूसच ठरवतो.

ह्या सगळ्याचा तुम्हाला काय उपयोग?

पुष्कळ! डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं आपली मोफत डिश सेवा सुरू केली. पहिल्याच दिवसापासून ३३ वाहिन्या, आणि महिन्याचं भाडं काही नाही. ज्या वाडीवस्तीवर केबल पोचलीच नव्हती, तिथेही चित्र पोचलं. पुढे केबललाही सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. पिंपरी-चिंचवडला त्यासाठी ३१ मार्च २०१३ ची मुदत होती, तर खेड्यांना शेवटच्या टप्प्यात ३१ मार्च २०१७ ची. नुसती इंद्रायणी ओलांडायची, पण मधे चार वर्षं!

आणि मग आलं २०२० साल. करोनामुळे शाळांना कुलपं लागली. ज्यांच्या घरी चांगला मोबाइल होता, ते ऑनलाइन वर्गात बसले. पण कारखान्यात हंगामी काम करणाऱ्यांच्या, शेतमजुरांच्या घरात एकच फोन, आणि तोही बाबांच्या खिशात. अशा मुलांचं काय? त्या वर्षी जुलैत दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ना इंटरनेट, ना डेटाचा खर्च. टीव्ही लावायचा आणि शिकायला बसायचं. त्याच वर्षी केंद्र सरकारनं पहिली ते बारावीच्या प्रत्येक इयत्तेला एक अशा बारा शैक्षणिक वाहिन्यांची घोषणा केली.

आता परत हिशोब करा. जुन्या पद्धतीत एका वाहिनीला एक लेन. बारा इयत्तांना बारा लेन. म्हणजे इन्सॅट-१बी वरचे सगळेच्या सगळे साधे ट्रान्सपाँडर संपले असते, एकही टेलिफोन लागला नसता! घडी घालण्याच्या युक्तीनं तेच काम एकदोन लेनमध्ये भागतं. “फारच सोपी” म्हणून नाकारलेल्या त्या कल्पनेनं बंद शाळांच्या दिवसांत मुलांसाठी जागा करून दिली, ती अशी.

करून पाहा

चौकटीच्या वहीत आठ बाय आठचा चौकोन आखा. त्यात काही घरं काळी करून एक साधं चित्र काढा. झोपडी, पतंग, काहीही. मित्राला दुसऱ्या खोलीत बसवा आणि चित्र न दाखवता, नुसतं तोंडानं सांगून त्याच्याकडून काढून घ्या.

आधी एकेक घर सांगा : पांढरं, पांढरं, काळं... चौसष्ट शब्द होतील. मग दुसऱ्यांदा “पहिली ओळ, आठ पांढरी. दुसरी ओळ, तीन पांढरी, दोन काळी, तीन पांढरी,” असं सांगा आणि शब्द मोजा. शेवटी पतंग एक घर उजवीकडे सरकवा आणि हा बदल कमीत कमी किती शब्दांत सांगता येतो, ते पाहा. एक सूचना : चित्र अगदी तंतोतंत उतरलं पाहिजे, मनाचं काही चालणार नाही!

ज्याचे शब्द सर्वांत कमी, तो आकाशातल्या रस्त्यावरचा उत्तम ड्रायव्हर. आईबाबांनाही खेळात घ्या. आणि खेळ संपला, की त्या अँटेनाच्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकायला विसरू नका.